तीन हंगामांची सायकल

आमच्या थोरल्या आत्याच्या यजमानांनी उभ्या आयुष्यात घाईने केलेली गोष्ट एकच, आणि तीही त्यांनी फार उशिरा केली. एरवी त्यांचा कुठलाही निर्णय बरणीतल्या लोणच्यासारखा महिनोन्‌महिने मुरत पडायचा. आत्याचे यजमान म्हणून आम्ही भाचेमंडळी त्यांना मामा म्हणतो. मामा शेती खात्यात कृषी सहायक होते. औंढा आणि कळमनुरी तालुक्यांतल्या गावागावांतून सायकल दामटत त्यांनी उमेदीची सगळी वर्षं शेतकऱ्यांना एकच गोष्ट सांगितली. नवा वाण आला म्हणून लगेच भुलू नका; शेजारी शेजारी दोन वाफे लावा, एकात जुना, एकात नवा; तीन हंगाम बघा आणि मग ठरवा. शेतकरी मान डोलवत, मामांना चहा पाजत आणि आपल्या मनाला येईल तेच पेरत. मामांचं म्हणणं शंभर टक्के पटलेला माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच निघाला, आणि दुर्दैवाने ते मामाच होते.

चपला घ्यायच्या तरी ते दोन प्रकारच्या दोन जोड्या आणत आणि महिनाभर डाव्या पायात एक, उजव्या पायात दुसरी घालून हिंगोलीच्या बाजारातून फिरत. लोक बघत. मी तर एकदा ओळख नसल्यासारखा रस्ता ओलांडून पलीकडे गेलो होतो. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी मला शांतपणे समजावलं, "अरे, एकाच रस्त्यावर दोन्ही चालल्याबिगर फरक कसा कळंल? डावी कंट्रोल हाये, तुलनेसाठी." माझ्या आतेबहिणीचं लग्न ठरवतानाही हाच प्रकार. वसमतकडचं स्थळ श्रावणात पाहून आले, पसंत पडलं, तरी होकार दिला नाही. कार्तिकात पुन्हा गेले. तिसऱ्यांदा वैशाखात, भर दुपारी, न कळवता जाऊन उभे राहिले. मुलाकडचे बिचारे बनियनवर. परत आल्यावर म्हणाले, "पावसाळ्यात समदंच हिरवं दिसतं. उन्हाळ्यात बघावं, कोन तगलं ते." मुलगा तगला होता. आजही तो जावई सासऱ्यांचं नाव निघालं की आधी कपाळाचा घाम पुसतो आणि मग हसतो.

पण मला सांगायचं आहे ते सायकलीचं. ते सांगताना मला मामांचं हसूही येतं आणि रागही येतो. राग अजून पुरता गेलेला नाही, हे आधीच कबूल करून टाकतो.

आत्या लग्न होऊन कळमनुरीला नांदायला गेली ती भरल्या घरात. सासू, सासरे, दोन दीर, एक विधवा चुलतसासू. त्या घरात वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याने बायकोशी बोलायचं नाही, हा नियम इतका पक्का होता की मीठ कमी असलं तरी मामा ते आईला सांगत आणि आई सुनेला. मग बोलायचं कुठे? तर सायकलवर. मामांच्या त्या काळ्या, जड सायकलीच्या कॅरिअरवर बसून आत्या बाजाराला, डॉक्टरकडे, श्रावणातल्या सोमवारी नागनाथाला जायची. गावाची शेवटची भिंत मागे पडली की तिचं तोंड उघडायचं ते परतताना पुन्हा ती भिंत दिसेपर्यंत मिटायचं नाही. सासूने काय सुनावलं, धाकट्या दिराचं कुठे अडलंय, मुलाला कुठल्या शाळेत घालावं, सगळं कॅरिअरवर. मामा पुढे बघून पायडल मारत आणि हुंकार देत. आत्या मला एकदा म्हणाली होती, "तुझ्या मामाचं तोंड मी कमी बघितलं रे. पाठच जास्त वळखीची हाये."

पुढे हिंगोलीत घर झालं. वडीलधारी एकेक करून गेली, मुलगी नांदायला गेली, मुलगा पुण्याला नोकरीला गेला. काळी सायकल मामांच्या निवृत्तीच्या वर्षीच बसस्टँडवरून चोरीला गेली. मुलाने स्कूटर घेऊन दिली. आत्या तिच्यावर दोनदा बसली आणि म्हणाली, हिच्यावर बोललेलं सगळं वाऱ्यावर जातं. मग मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, स्कूटरही गेली. आता घरात दोघंच. ऐकायला सासू नाही, दार ढकलून आत येणारं कुणी नाही. पण गंमत बघा, या दोघांना घरात बोलताच येईना! सवयच नव्हती. मी दोन गल्ल्या सोडून राहतो, शाळा सुटल्यावर रोज चक्कर टाकतो. आत्या स्वयंपाकघरात, मामा पडवीत, आणि मधल्या खोलीत नुसतं घड्याळ. गेल्या वर्षी मृगाच्या सुमाराला, माझ्यासमोरच, आत्या ओट्यापाशी उभी राहून म्हणाली, "आवो, एखांदी सायकल घ्या की. मला लई बोलायचं साचून ऱ्हायलंय."

मामांनी वर बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर मी तसा उजेड फार थोड्या वेळा पाहिला आहे. ते म्हणाले, "घेऊ ना." आणि उठून कोरी फाईल काढली.

फाईल निघाली तेव्हाच मी कपाळाला हात लावायला हवा होता. पुण्याच्या मुलाने फोनवर सांगितलं की बाबा, या वयात गुडघ्यांना गियरची सायकल हवी, आणि दोन फोटो पाठवले. एक घडीची सायकल. मधून मोडते, बसमध्ये नेता येते, चाकं लहान असल्याने बसायला-उतरायला सोपी. दुसरी हायब्रीड. मोठी चाकं, पातळ टायर, पुष्कळ गियर, शहरातल्या रस्त्यांसाठी आणि थोड्या खडीसाठीही चालणारी. मी घडीच्या बाजूचा होतो. बसमध्ये टाका, औंढ्याला उतरा, उलगडा आणि दोघं नागनाथाच्या देवळापर्यंत आरामात जा, असं माझं सरळ म्हणणं. आत्याला मात्र घडीची सायकल ही काय भानगड ते कळेना. "साडीची घडी ऐकली, संसाराची घडी ऐकली. सायकलची घडी घातल्यावर मी कुठं बसू? मलाबी मोडून ठिवता का?"

आणि हायब्रीड म्हटल्यावर तर ती उसळलीच. आमच्या भागात हायब्रीड म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगायला हवं. हायब्रीड म्हणजे हायब्रीड ज्वारी. दुष्काळानंतर गावोगाव आली, पीक भरमसाट, भाकर मात्र रबरासारखी. आजही कुणी लेचापेचा दिसला की म्हातारी माणसं म्हणतात, हायब्रीड खाऊन वाढलेलं दिसतंय. तीन हंगाम बघून झाल्यावर ही ज्वारी पेरा म्हणून गावोगाव सांगत फिरणाऱ्यांत आमचे मामा पुढे, आणि त्यांच्याच घरात आत्याने चुलीपाशी हायब्रीडचा एक दाणा येऊ दिला नाही. ती म्हणाली, "जल्मभर लोकायला हायब्रीड खाऊ घातली. आता बसायलाबी हायब्रीडच का? एखांदी गावरान बघा की." मामांनी अत्यंत गंभीरपणे फाईलमध्ये लिहिलं, ‘लाभार्थीचा नावाला आक्षेप.’

खरी अडचण नावाची नव्हती, कॅरिअरची होती. या नव्या सायकलींना कॅरिअर नसतंच, असलं तर बॅग ठेवण्यापुरतं. मामांनी ठरवलं की आधी वजन निश्चित करायचं. दवाखान्यातल्या काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून ते आत्याला घेऊन मोंढ्यात गेले आणि ओळखीच्या आडत दुकानातल्या हळदीच्या काट्यावर तिला उभं केलं. आत्या लाजून पदर सावरत उभी, भोवती हळदीची पोती आणि खो खो हसणारे हमाल. बावन्न किलो भरली. आमच्याकडे पन्नास किलोच्या पोत्याला कट्टा म्हणतात. एक हमाल म्हणाला, "काकू बराबर कट्टाच हायत, वर दोन किलो पाटल्या-बिल्या धरा." आत्याने ती गोष्ट पुढे कितीतरी दिवस सगळ्या गल्लीला सांगितली.

त्यानंतर मामा नांदेडला गेले, मी सोबत. तिथल्या एका सायकलच्या दुकानात त्यांनी घडीच्या सायकलीभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या, ती आठ वेळा मोडायला आणि आठ वेळा उलगडायला लावली, आणि मग शेजारच्या किराणा दुकानातून साखरेचं पन्नास किलोचं पोतं मागवून दुकानदाराचं लक्ष नसताना तिच्या कॅरिअरवर ठेवलं. कॅरिअरने मान टाकली. दुकानदार म्हातारा, सज्जन. ओरडला नाही, कळवळून म्हणाला, "चाचा, ये आदमी के वास्ते नहीं है, बॅग के वास्ते है. पच्चीस किलो, बस." मामांनी भरपाई दिली, पावतीवर ‘पच्चीस’ लिहून सही घेतली आणि परतीच्या बसमध्ये समाधानाने म्हणाले, "प्रात्यक्षिक चांगलं झालं." हायब्रीडसाठी पुण्याच्या मुलाने शोधशोध करून सगळ्यात भक्कम असं एक कॅरिअर काढलं, तेही चाळीस किलोचं. आत्या बावन्न. मामा म्हणाले, निघंल आनखी. खरीप झाला, रब्बी बघू, उन्हाळ्यात ट्यूब तापल्यावर काय होतं तेही बघितलं पाहिजे. तीन हंगाम.

इथून पुढचं सांगायला मला जड जातं.

दिवाळीच्या आसपास आत्याचं जेवण तुटलं. आधी ॲसिडिटी म्हणून घरगुती उपाय झाले, मग इथले डॉक्टर, मग नांदेड. पोटातलं दुखणं निघालं, आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगितलं ते मी मामांना सांगितलं. ते ऐकून घेतलं त्यांनी. "बरं," म्हणाले. बसमध्ये आत्या खिडकीशी डोकं टेकून झोपली होती आणि मामा मांडीवर फाईल उघडून बसले होते. मला इतका संताप आला! मी म्हणालो, "मामा, ठिवा ना ती फाईल आता. तिला एकदा बसायचंय नुसतं. कोनतीबी घ्या." त्यांनी फाईल मिटली नाही. म्हणाले, "कोनतीबी कशी घेऊ रे? मोडली मंग? मागून पडली मंग ती?" त्यांचंही खरं होतं. पण सारखं खरं असणाऱ्या माणसाबरोबर दिवस काढणं किती कठीण असतं, ते मला त्या हिवाळ्यात कळलं.

माघात एकदा मी गेलो तेव्हा मामा औषध आणायला गेले होते आणि फाईल पडवीत उघडी होती. एका पानावर उभी रेघ मारून दोन रकाने केले होते. डावीकडे एकेका कॅरिअरची ताकद. पंचवीस, तीस, चाळीस. चाळीसच्या पुढे काही सापडत नव्हतं, तिथे नुसत्या रेघा. उजवीकडे वर लिहिलं होतं ‘सौ.’, आणि खाली मामांच्या सुवाच्य अक्षरात बावन्न, एकोणपन्नास, सेहेचाळीस, त्रेचाळीस. दर तपासणीच्या तारखेसह. शेवटच्या आकड्याखाली जागा कोरी होती. आपला नवराच आपल्याला थोडं थोडं झिजताना लिहून ठेवतो आहे, हे आत्याला ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. मी फाईल मिटली आणि पुन्हा होती तशी उघडी ठेवली.

ठाऊक होतं. चैत्रातल्या एका सकाळी मी तिथेच चहा घेत होतो. आत्या खाटेवर उशीला टेकून बसली होती. एकदम म्हणाली, "आवो, घ्या आता तुमची सायकल. काल दवाखान्यात काट्यावर हुबी केली मला. एकोणचाळीस. तुमच्या कॅरिअरात बसते मी आता." आणि हसली. खरंच हसली, विनोद म्हणूनच बोलली होती ती.

मामा उठले. फाईल खाली पडली ती त्यांनी उचलली नाही. चपला न घालताच पायऱ्या उतरले. मी मागे धावलो. बाजारातल्या पहिल्या सायकलच्या दुकानात दाराशी एक घडीची आणि एक हायब्रीड उभी होती. दुकानदाराने विचारलं, "काका, कोनती दाखवू?" ज्या माणसाने छत्री घेताना तीन दुकानदारांना रडवलं होतं, तो म्हणाला, "रस्त्याकडंची दे." ती हायब्रीड निघाली. दुकानदार गियर समजावून सांगू लागला तर मामा ती ढकलत बाहेर पडलेसुद्धा. पैसे मी दिले.

कॅरिअर तिला नव्हतंच. चाळीसवालं पुण्याहून यायला आठवडा लागला असता. तिथून चौथं दुकान वेल्डिंगचं. मामा तिथे सायकल घेऊन शिरले आणि म्हणाले, "मागं मानूस बसलं पायजे. पाय ठिवायला दांड्याबी कर." वेल्डिंगवाल्याने ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडण्यात जन्म घालवलेला. त्याने विचारलं, "किती वजनाचं मानूस?"

मामा म्हणाले, "कट्ट्याचं कर."

त्याने लोखंडी अँगल कापला, जोडला, नटबोल्टांनी आवळला आणि स्वतः वर बसून दाखवलं. एक तास लागला असेल. नऊ-दहा महिने जे कुठल्याच कंपनीत सापडत नव्हतं, ते आमच्या गल्लीपासून पाच मिनिटांवर एका तासात तयार झालं. मला राहवलं नाही. म्हणालो, "मामा, हे पैल्याच दिवशी काहून न्हाई केलं?" ते जमिनीकडे बघत म्हणाले, "हे प्रमाणित न्हवतं ना रे." आयुष्यभर त्यांनी शेतकऱ्यांना बजावलं होतं की घरचं बियाणं पेरू नका, शिक्का असलेलं प्रमाणितच घ्या. घरचं चालू शकतं, हा पर्याय त्यांच्या फाईलमध्ये येणंच शक्य नव्हतं. ते वेल्डिंगवाल्याच्या बाकावर बसले, आणि मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. माझा राग तेव्हा पार गेला. नंतर तो पुन्हा आला, हे वेगळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत मी सायकल घट्ट धरून उभा राहिलो. कॅरिअरवर दुहेरी गोधडी टाकली होती. आत्या बसली. हिरवी साडी नेसली होती, ती अंगावर दुप्पट झाली होती. मामांनी दांडीवरून पाय टाकला आणि सायकल निघाली. मी दोन हात पुढे करून मागे मागे चालत होतो, पडली तर धरायला. कॉलनीच्या शेवटच्या घरापर्यंत मामा सरळ बघून चालवत होते. तिथून औंढ्याकडचा रस्ता लागतो, दोन्ही बाजूंना शेतात शिजवलेली हळद वाळत घातलेली. तिथे त्यांनी मान जराशी वळवली.

"हायेस का गं?"

"हाये."

पन्नास पावलं गेल्यावर पुन्हा, "हायेस का?"

"हाये, हाये. चालवा तुमी."

पूर्वी हे विचारावं लागत नसे. कट्टाभर वजन मागे असलं की सायकलच सांगते. आता मामांना पायडलवर काही कळतच नव्हतं. सहा-सात वेळा तरी त्यांनी विचारलं, आणि दर वेळी तिने सांगितलं. मग पहिली वस्ती मागे पडली आणि आत्या बोलू लागली. हात हलवत, पदर सावरत, मध्येच मामांच्या पाठीवर बोट टेकवून. मामांची मान पूर्वीसारखी हलत होती. ती काय बोलत होती ते मला ऐकू आलं नाही. म्हणजे, मीच चालणं हळू केलं. ते माझ्यासाठी नव्हतं.

असे अकरा दिवस ते गेले. बाराव्या दिवशी तिला खाटेवरून उठवेना. अक्षयतृतीयेच्या आधीच आत्या गेली. तिचं साचलेलं सगळं बोलून झालं होतं का, हे मी मामांना विचारलेलं नाही. अकरा दिवसांत तेवढं कसं व्हावं? मामांनी तीन हंगाम थांबायला नको होतं. हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक आहे, म्हणून मी ते फक्त इथे लिहितो, त्यांच्यासमोर बोलत नाही.

मामा आता रोज सकाळी एकटेच जातात. ते कॅरिअर भलतंच जड आहे, रस्त्यावर खडखड वाजतं, आणि चढावर मामांना उतरून सायकल ढकलावी लागते. परवा ते निघायच्या वेळेला मी पाना घेऊन गेलो. म्हणालो, "मामा, हे काढून टाकतो. चारच नट हायत. गुडघ्याला तकलीफ कमी व्हईल. सायकल लई हलकी पडंल."

ते कॅरिअरवर हात ठेवून उभे राहिले.

"नको रे," म्हणाले. "आनखी हलकी नको करू."

मी पाना खिशात टाकला आणि त्यांना फाटक उघडून दिलं.